फिरता कागद

मैत्रिणींनो,

शनिवारी मार्केट यार्डातला भाजीबाजार बंद असतो. एरवी मध्यरात्रीपासून ट्रक-टेम्पो, हमालांच्या हाका आणि लिलाव यांनी गजबजलेला हा भाग त्या दिवशी जरा शांत असतो. कांदा-बटाटा निवडणाऱ्या, पालेभाजीच्या जुड्या बांधणाऱ्या, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका त्या दिवशी घरी भेटण्याची शक्यता असते. म्हणून आमचं वस्तीतलं काम बहुतेक शनिवारीच चालतं. गेल्या वर्षापासून या शनिवारांना आणखी एक काम जोडलं गेलं. एका नर्सिंग स्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी याच वस्तीत येतात. सकाळी घरभेटी करतात आणि दुपारी समाजमंदिरात सतरंजीवर माझ्यासमोर बसतात. ‘कुटुंब, समाज आणि संवाद’ एवढा भाग शिकवायला मला पाहुणी म्हणून बोलावलं आहे. माझं शिक्षण समाजकार्यातलं, नर्सिंगमधलं नाही.

एका वर्गाची गोष्ट संपादकीयात कशाला, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण या वर्षभरात त्या सतरंजीवर जे घडलं, त्यात माझी एक मोठी चूकही आहे. आणि त्या सगळ्याचा आपल्या चळवळीशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून हे लिहिते आहे.

पहिले दोन-तीन तास मी इतरांसारखाच घेतला. व्याख्या सांगायची, कुटुंबाचे प्रकार सांगायचे, त्यांनी उतरवून घ्यायचं. चाळीस जणी आणि तीन मुलगे. कुणी बीडचं, कुणी नंदुरबारचं, कुणी इथल्याच बिबवेवाडीचं. सगळ्यांच्या माना खाली. एकदा मी फिरत फिरत एका मुलीच्या वहीपाशी आले. ‘विभक्त कुटुंब म्हणजे’ इथपर्यंत अक्षर नीट होतं आणि पुढे पेनाची एक वाकडी रेघ पानाच्या काठापर्यंत गेली होती. ती लिहिता लिहिता झोपली होती. रात्रपाळी करून, हॉस्टेलवर आंघोळ उरकून, सकाळी घरभेटी करून ती माझ्यासमोर बसली होती. तिला उठवून मी काय सांगणार होते? विभक्त कुटुंबाची व्याख्या?

त्या दिवशी मी वह्या बंद करायला सांगितल्या. चार-चार, पाच-पाच जणींचे गट केले. प्रत्येक गटाला एकच कोरा कागद दिला. सांगितलं, “आज सकाळी ज्या घरात गेलात, तिथं काय दिसलं, ते एका वाक्यात लिहा आणि कागद शेजारणीकडे द्या. आधीच्या मुलीचं वाक्य पुन्हा लिहायचं नाही, खोडायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. एकीला एक मिनिट.” पाच मिनिटांचा खेळ. मुली हसल्या, पण जाग्या झाल्या.

एका गटाचा कागद मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्या चौघी एका गरोदर बाईकडे गेल्या होत्या. ती आठव्या महिन्यातही गाळ्यावर बसून कांदे निवडत होती. चौघींच्या जर्नलमध्ये एकच मजकूर होता: गरोदर माता, वय २२, रक्तक्षयाची लक्षणे, आहाराविषयी व गोळ्यांविषयी सल्ला दिला. फिरत्या कागदावर मात्र पहिलीनं लिहिलं, “तिच्या पायांना एवढी सूज आहे की चपलेचा पट्टा कापून टाकलाय.” दुसरीनं लिहिलं, “प्रश्न आम्ही तिला विचारले, उत्तरं सगळी सासूनं दिली.” तिसरीनं लिहिलं, “लोहाच्या गोळ्यांचं पाकीट फळीवर अख्खंच्या अख्खं होतं.” आणि चौथीनं लिहिलं, “निघताना ती माझ्या कानात म्हणाली, गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि संडासाला रांग एवढी की जास्त वेळ बसलं तर बाहेरून दार वाजवतात.”

चार वाक्यं. पण गोळ्या पडून का राहिल्या हे त्या चारांतून कळत होतं, एका कुठल्यातून कळत नव्हतं. ‘गोळ्या नियमित घ्या’ हा सल्ला चौघींनी दिला होता आणि तो चौघींच्या जर्नलमध्ये शाबासकीला पात्र होता. कागद मोठ्यानं वाचल्यावर मागच्या रांगेतून एकीनं विचारलं, “पायाला सूज होती, तर बीपी कुणी घेतलं?” चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरीनं घेतलं असेल. तास तिथंच थांबला. दोघी यंत्र घेऊन त्या घरी परत गेल्या. बीपी सुदैवानं बरोबर निघालं. पण ते न बघताच आपण ‘घरभेट पूर्ण’ लिहिलं होतं, ही गोष्ट त्या मुली विसरणार नाहीत, आणि मीही नाही.

तेव्हापासून प्रत्येक तासात दहा-पंधरा मिनिटं आम्ही मिळून लिहितो. तुमच्यापैकी ज्या आशाताईंची शिबिरं घेतात, बचत गटात किंवा कॉलेजात बोलायला जातात, त्यांना उपयोग होईल म्हणून आणखी काही रीती सांगते.

एक आहे चिठ्ठीची. तास संपताना दोघींनी मिळून एकच चिठ्ठी लिहायची: आज काय कळलं आणि काय नाही कळलं. एकटीला ‘कळलं नाही’ लिहायची लाज वाटते, दोघींना कमी वाटते. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू करायचा, नाहीतर चिठ्ठ्या लिहून घेण्यात अर्थ नाही.

दुसरी आहे भाषांतराची. डॉक्टर केस पेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहितात, ती वस्तीतल्या बाईला कळेल अशी गटानं मराठीत करायची. ‘बेड रेस्ट’ याचं भाषांतर ‘संपूर्ण विश्रांती’ असं सहज होतं. पण जिचा दिवसाचा पगार गाळ्यावर बसण्यावर अवलंबून आहे, तिला ते कसं सांगायचं? या एका ओळीवर गटात वीस मिनिटं भांडण झालं. शेवटी त्यांनी लिहिलं, “काम पूर्ण सोडता येत नसेल तर निदान ओझं उचलू नका, दुपारी डाव्या कुशीवर पडा आणि हे तुमच्या घरच्यांसमोर आम्ही सांगू का?” शेवटचा प्रश्न पुस्तकात नाही. तो त्या मुलींचा.

तिसरी रीत त्यांच्याच कामातून घेतली. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला ‘ओव्हर’ देते. त्यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत आता जगभर शिकवली जाते. ती मुळात अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. रुग्णाची आत्ताची स्थिती काय, पूर्वीचं काय, मला काय वाटतं, आणि मी काय करावं असं सुचवते. दोघीदोघींनी एका रुग्णाविषयी या चार ओळी लिहायच्या. पहिल्या दोन ओळी झरझर लिहून होतात. तिसऱ्या ओळीवर पेन थांबतं. “मॅडम, मला काय वाटतं हे आम्हाला कोण विचारतं?” असं एकीनं सरळ विचारलं.

हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस राहिला. नर्सच्या हातून दिवसभरात किती लिखाण होतं! ताप, नाडी, लघवी, औषध दिल्याची वेळ, सलाईन लावल्याची वेळ. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षीच बजावतात की जे लिहिलं नाही ते केलं नाही. पण या सगळ्या लिखाणात लिहिणारी कुठेच नसते. ‘इंजेक्शन दिले’, ‘नातेवाइकांना समजावले’, ‘डॉक्टरांना कळवले’. कुणी दिलं, कुणी समजावलं, कळवल्यावर डॉक्टर काय म्हणाले, ते तिथं येत नाही.

आणि जे लिहिलं जात नाही ते घडलंच नाही असं ठरतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्यांच्याच रुग्णालयात हल्ला झाला. आरोपीला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरी यांसाठी. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लावलाच गेला नव्हता. 18 मे 2015 ला अरुणाताई गेल्या, तोपर्यंत जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा निम्म्या मुलींना ते नाव माहीत नव्हतं. त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल माहीत असते, तीही हातात दिवा घेतलेली. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनं जास्त सैनिक मेले हे तिनं आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला दाखवलं, भारतात कधीही न येता इथल्या सार्वजनिक आरोग्यावर वर्षानुवर्षं लिहिलं, आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रव्यवहार केला, हे कुणी सांगत नाही. शपथेच्या दिवशी मुलींच्या हातात दिवा येतो. लेखणी कुठे जाते?

मिळून लिहिणं ही काही परदेशातून आणलेली युक्ती नाही, हेही मुलींना सांगावंसं वाटलं. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं तिला जोड द्यायची. कुठली ओळ कुणाची हे कुणी विचारत नसे. हेमाताई राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत सासर, माहेर, विठोबा आहेत तसेच दुखणी, बाळंतपणं आणि मारही आहेत. ज्या गोष्टी चारचौघांत बोलायची सोय नव्हती, त्या दोघींच्या आवाजात बोलल्या गेल्या.

पुढे चळवळीनंही हेच केलं. विदर्भातल्या मथुरा या आदिवासी मुलीवर 1972 मध्ये पोलीस ठाण्यात बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष ठरवलं. त्यावर सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी मिळून सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. राजस्थानातल्या खेड्यांतल्या 75 जणींनी मिळून तयार केलेलं ‘शरीर की जानकारी’ 1989 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1855 मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो तिनं एकटीनं लिहिला, पण ‘तुला काय दिसतं ते लिही’ असं म्हणणारी शाळा तिच्यामागे होती. ती शाळा या मार्केट यार्डापासून फार लांब नव्हती. याच शहरात 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. याच शहरात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवा मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं, तेव्हा परक्या पुरुषांना हात लावणारी बाई म्हणून त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करा.

आता त्या तासाविषयी, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायची वेळ आली.

दिवाळीनंतर मुलींची लेबर रूमची पाळी संपली होती. त्याच सुमाराला आमच्या संघटनेनं वस्तीतल्या बायकांकडून बाळंतपणाचे अनुभव ऐकायला सुरुवात केली होती. त्यांत शिव्या होत्या, मांडीवर मारलेल्या चापट्या होत्या, ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस’ हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी होतं. आमच्या बैठकीत सगळ्याजणी संतापून बोलत होतो आणि त्या संतापाचा रोख होता नर्सवर. त्या शनिवारी मी गटांना विषय दिला: ‘लेबर रूममध्ये ऐकलेलं एक वाक्य.’

कागद फिरले. पहिली काही वाक्यं तीच होती, आम्ही वस्तीत ऐकलेली. मग एका कागदावर एकीनं लिहिलं, “चापट मी मारली. सिस्टर म्हणाल्या, असंच करावं लागतं, नाहीतर बाळ अडकेल. रात्री मला झोप आली नाही.” तो कागद पुढे गेला. खाली आलं, “मीही मारली.” त्याखाली, “मला मारायला सांगितलं होतं, मी नुसती ओरडले.” त्याखाली, “एका वेळी तीन बायका अडलेल्या आणि सिस्टर एकट्या. त्या स्वतः दुपारपासून जेवल्या नव्हत्या.” आणि शेवटी, “मी जिच्यावर ओरडले तिनंच नंतर माझा हात धरला, कारण तिचं कुणी आत येऊ दिलं नव्हतं.”

समाजमंदिरात कुणी बोलेना. मी दहा वर्षं बायकांवरच्या हिंसेविषयी काम करते आहे. मारणाऱ्या हातानं लिहिलेलं, आणि तेही पश्चात्तापानं लिहिलेलं, मी पहिल्यांदा वाचत होते. त्या पाच ओळींत आम्हाला बैठकांत न कळलेलं पुष्कळ होतं. मारायला कसं शिकवलं जातं, कोण शिकवतं, कोणत्या गर्दीत आणि कोणत्या थकव्यात, आणि एकट्या पडलेल्या दोन बायका एकमेकींसमोर कशा उभ्या केल्या जातात.

यानंतर मी चूक केली. तो कागद मला इतका महत्त्वाचा वाटला की मी तो मुलींना न विचारता जवळ ठेवला आणि शिक्षणाशी संबंधित एका व्यक्तीला, चांगल्या हेतूनं, दाखवला. नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे धोका नाही असं मी स्वतःला सांगितलं. पण त्यातल्या एका ओळीत खानदेशी बोलीतला एक शब्द होता. वर्गात त्या भागातून आलेली मुलगी एकच. दोन दिवसांत तिला बोलावून विचारणा झाली. ‘तू रुग्णाला मारलंस का? आणि हे बाहेर का लिहिलंस?’ दुसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ गेला, असं तिनं नंतर सांगितलं. तिच्यावर कारवाई झाली नाही, कारण इतर चौघींनी जाऊन ‘ही आमची सगळ्यांची वाक्यं आहेत’ असं सांगितलं. मिळून लिहिल्याचा एवढा एक आधार तिला मिळाला. तो मी दिलेला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी वर्गासमोर माफी मागितली. खानदेशातली ती मुलगी मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली, बोलली नाही. कागद तिच्याकडे आला तेव्हा तिनं तो कोराच पुढे दिला. तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत तिनं एकही ओळ लिहिली नाही.

आपण कार्यकर्त्या अनुभव गोळा करत असतो. बायकांची दुःखं अहवालात, पत्रकात, मासिकात आणतो आणि त्यातून काही चांगलंच होईल असं गृहीत धरतो. ज्या बाईचा अनुभव तो, तिच्यापर्यंत परत जाऊन ‘हे कुणाला दाखवू का?’ असं विचारायला आपण किती वेळा थांबतो? त्या मुलीच्या कोऱ्या कागदानं मला हा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर देताना माझी मान खाली गेली.

त्यानंतरचा एक पूर्ण तास मुलींनी नियम लिहिण्यात घालवला. अर्थात मिळूनच, कागद फिरवून. ते असे आहेत:

कागद कोण वाचणार हे लिहिण्याआधी सांगायचं, आणि नंतर ते बदलायचं नाही. 
तास संपल्यावर कागदाचं काय करायचं, ठेवायचा की फाडायचा, हे गट ठरवेल, मॅडम नाही. 
रुग्णाचं नाव, खाट, गाव लिहायचं नाही. तिची गुपितंही आपली नाहीत. 
ज्याची भाषा त्यानं लिहायची, पण बाहेर न्यायचं असेल तर सगळ्यांनी मिळून एका भाषेत पुन्हा लिहायचं. 
कोरा कागद पुढे देणं हेही चालेल. त्याचं कारण विचारायचं नाही.

सहावा नियम मी सुचवला आणि त्यांनी वाद घालून स्वीकारला. फिरता कागद ही तक्रार नव्हे. कुणी छळाविषयी लिहिलं तर तिला तक्रारीचा रस्ता तोंडी आणि नीट सांगायचा, पण तिच्या वतीनं परस्पर चालू लागायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. वर्गातल्या फारच थोड्या मुलींना हे माहीत होतं. त्या दिवशी सगळ्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

उन्हाळ्यात आम्ही एक धाडस केलं. वस्तीतल्या अकराजणी आणि वर्गातल्या बाराजणी एका शनिवारी समाजमंदिरात एकत्र बसल्या. आधी वातावरण अवघडच होतं. एक बाई तर म्हणाली, “ह्यांच्यासमोर काय सांगायचं? ह्याच तर ओरडतात.” मग एक मोठा कागद मध्ये अंथरला, त्याचे दोन भाग केले. एका बाजूला बाळंतिणींनी सांगायचं, बाळंत होताना मला काय हवं. दुसऱ्या बाजूला मुलींनी लिहायचं, ड्यूटी करताना मला काय हवं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सांगितलं आणि मुलींनी त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

दोन्ही बाजू वाचल्यावर बायकाच हसायला लागल्या. प्यायला पाणी. बसायला जागा. पडदा. नावानं हाक मारणं, ‘ए बाई’ नाही आणि ‘ए सिस्टर’ नाही. कुणीतरी ओरडलं तर मध्ये पडणारं माणूस. आणि सोबत कुणी आपलं. निम्मी यादी एकच होती.

सोबतीचा मुद्दा निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीनं सांगितलं की बाळंतिणीबरोबर एक स्त्री सोबतीण असू द्यावी हे केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांना कळवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 मध्ये प्रसूतीच्या वेळच्या अपमानाविरुद्ध आणि मारहाणीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या सरकारी कार्यक्रमात लेबर रूममधल्या सन्मानाच्या वागणुकीचा समावेश आहे. म्हणजे कागदावर बरंच काही आहे. मघाची ती बाई म्हणाली, “मग हे आमच्या कागदावर का नाही आलं?”

त्या बैठकीतून एक निवेदन तयार झालं. त्यावर बाळंतिणींच्या सह्या आणि अंगठे आहेत. विद्यार्थिनींच्या सह्या नाहीत, कारण त्यांना अजून परीक्षा द्यायच्या आहेत आणि आम्ही त्यांना तसं करायला लावणार नव्हतो. पण मागण्यांत एक मागणी त्यांची आहे आणि ती वस्तीतल्या बायकांनी आग्रहानं घातली: रात्रीच्या पाळीत एका सिस्टरवर इतक्या खाटा टाकू नका. या निवेदनाचं पुढे काय होईल ते आज सांगता येणार नाही. आतापर्यंत सोबतिणीला आत बसायला एक बाकडं मिळालं आहे. एवढंच.

मैत्रिणींनो, या अंकात आरोग्यसेवेतल्या हिंसेविषयीचे तुमचे लेख आहेत. त्यांतला राग खरा आहे आणि तो कमी करावा असं मी म्हणणार नाही. मार खाल्लेल्या बाईनं मारणारीची अडचण आधी समजून घ्यावी, ही अपेक्षा कुणाकडूनही करता येत नाही. पण आपण संघटना म्हणून काम करतो, तेव्हा आपल्याला दोघींकडे जाता येतं. आज सतरंजीवर बसलेली ही वीस-एकवीस वर्षांची मुलगी दोन वर्षांत रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये एकटी असेल. तिला तिथं काय वाटलं हे विचारणारं, लिहू देणारं कुणी तिच्या शिक्षणाच्या काळात भेटलं की नाही, याचा परिणाम त्या रात्रीच्या बाईवर होणार आहे.

तुमच्या गावात, तालुक्यात नर्सिंगची शाळा नक्की असेल. तिथं जाऊन एक तास मागा. फार तयारी लागत नाही. काही कोरे कागद, पेन आणि घड्याळ. विषय साधा ठेवा, ‘आज काय दिसलं’ एवढा. जिचं अक्षर छान आहे तीच सगळं लिहीत नाही ना, मुलगे मोठ्यानं बोलून कागद ओढून घेत नाहीत ना, इंग्रजी चांगलं असणारी बाकीच्यांना गप्प करत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. पहिले दोन-तीन तास पोरखेळ वाटेल, घाबरू नका. आणि माझ्यासारखी चूक करू नका. कागद हातात आला म्हणून तो आपला होत नाही.

नवीन वर्ग आता सुरू झाला आहे. पहिल्याच शनिवारी आधीच्या मुलींचे नियम मोठ्यानं वाचून दाखवले. पाचवा नियम ऐकून एकीनं विचारलं, “कोरा कागद का चालेल मॅडम?” मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. मग आम्ही गट केले आणि लिहायला बसलो.

तुमचे अनुभव जरूर कळवा. कुणाला विचारून कळवता आहात, तेही त्यात लिहा.

तुमची,
संपादक मंडळातली एक